भरिताच्या पंगतीतली गोळी

उदासीवरची नवी गोळी मी सगळ्यांना ॲसिडिटीची म्हणून सांगितली. बायको तेव्हाच म्हणाली, "फसाल." मी म्हणालो, बुऱ्हाणपुरात ॲसिडिटी कोणाला नाही? कोण चौकशी करतंय.

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, दिवस आखडला की माझं बिनसतं. दर वर्षीचं आहे. सकाळी पांघरूण सोडवत नाही, छातीत उगाच धडधडतं, आणि कागद कारखान्यात निघालेला मी गॅस बंद आहे का बघायला कोपऱ्यावरून परत येतो. आधीच्या औषधानं धडधड थांबली, पण मशीनच्या घरघराटातही मला उभ्या उभ्या डुलक्या यायच्या. यंदा डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. "फरक पडायला काही आठवडे लागतील. आपल्या मनानं बंद करायची नाही," हे त्यांनी परत परत बजावलं. माणूस ओळखला असावा.

सुरुवातीला मळमळ, कोरडं तोंड आणि जांभया. माझ्या बघून समोरच्यालाही यायच्या. ॲसिडिटीच्या नावावर सगळं खपलं. शेजारून थंड दूध आलं, कारखान्यातून ओव्याची पुडी आली. मग एका सकाळी मी बायकोला म्हणालो, "चहात साखर कमी आहे." ती माझ्याकडे बघतच राहिली. हिवाळ्यात मी पुढ्यात येईल ते गिळतो, चवीबद्दल चकार शब्द काढत नाही. तिनं साखर घातली आणि पदरानं डोळे पुसले. चहाला नावं ठेवल्याबद्दल इतकं कौतुक माझं कधी झालं नव्हतं.

त्याच आठवड्यात बहादरपूरहून तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. रविवारी केळीच्या बागेत भरीत. तो दर हिवाळ्यात बोलावतो आणि दर हिवाळ्यात मला नेमकी ड्यूटी निघते. या खेपेला मी येतो म्हणालो, तर फोन कटला की काय असं वाटावं इतका तो गप्प झाला.

कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली होती. मिरचीनं कान गरम होत होते. मी मागून मागून खाल्लं. शेजारी बसलेला मेहुणा छाती चोळत म्हणाला, "दाजी, तुमची ती ॲसिडिटीवाली द्या एक," आणि माझ्या खिशातून गोळ्यांचं पाकीट त्यानं स्वतःच ओढलं. गोळी हातावर काढून पाण्याचा तांब्या उचलला. त्याला रोजची बीपीची गोळी चालू आहे. मी त्याचं मनगट धरलं.

"एका गोळीसाठी, दाजी?"

"मुदत संपलीय तिची."

त्यानं पाकीट उलटून पाहिलं. "पुढच्या सालाची आहे की."

पंगतीतले हात थांबले. बायको पानाकडे बघत होती. आता आणखी एक खोटं सुचलं असतं तर मी बोललोही असतो, सुचलं नाही.

"ॲसिडिटीची नाही ती. थंडीत माझं मन बसतं. जीव घाबरतो. त्याची आहे."

त्यानं तांब्या खाली ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मंग दर साली भरिताला नाही म्हणायचे, ते याच्यापायी?"

"हो."

"आन मी समजत होतो, आमच्या घरचं जेवण तुम्हाला चालत नाही. ताईलाबी बोललो तसं. लई वेळा."

बायकोनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. माझं खोटं झाकता झाकता ती भावाची बोलणी खात राहिली होती. आज त्या डॉक्टरांचे, त्या गोळीचे, सगळ्यांचे उपकार मानतो. पण त्या क्षणी तिच्याकडे वर मान करून बघणं मला जमलं नाही.

मेहुण्यानं गोळी माझ्या तळहातावर ठेवली, माझी मूठ मिटली आणि वाढणाऱ्याला बोटानं माझं पान दाखवलं. "फायदा आहे का हिचा?"

"आहे. म्हणून तर आलो."

"मंग घेत जा टाइमावर." त्यानं जिऱ्याचं पाणी मागवलं, एका दमात संपवलं, ढेकर दिला. "पण दाजी, खोटं बोलायलाबी अक्कल लागते. मूळव्याध सांगायची होती. कोणी गोळी मागितलीच नसती."