आधी डोहाळे, मग नाडी

वैद्य वत्सलाताईंशी माझी खरी ओळख झाली ती त्यांची बोलणी खाऊन. पुण्यात आयुर्वेदाची पदवी घेऊन मी वरवट बकालला त्यांच्याकडे शिकायला आले होते आणि चांगल्याच तोऱ्यात होते.

तिसऱ्या दिवशी चौथा महिना लागलेली एक सून आली. अन्न जात नव्हते, नाडी क्षीण होती. मी लगेच अर्जुनाची साल दुधात उकळून घ्यायला लिहून दिली. ताईंनी कागद बाजूला सारला.

"काऊन वं, तिले इचारलं का काय खावंसं वाटते?"

चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय जागे होते, आईच्या देहात दोन हृदये नांदतात आणि धाकटे आईच्या तोंडून मागते, हे आयुर्वेदाचे वचन मी नुसते पाठ केले होते. ताई तसे वागत. आधी डोहाळे विचारायचे, मग मनगट हाती घ्यायचे, असा त्यांच्या दवाखान्याचा रिवाज होता.

सून पदराशी चाळा करत म्हणाली, "मायच्या हातच्या कण्या पाह्यजेत. पन लग्नापासून येनंजानं बंद हाय."

दुसऱ्या दिवशी ताई एसटीने तिच्या माहेरी गेल्या आणि कण्यांचा डबा व माय, दोन्ही घेऊन थेट तिच्या सासरी आल्या. सासूबाई दार अडवून उभ्या राहिल्या.

"मी नाई आनलं हिले," ताई म्हणाल्या. "पोटातल्या लेकरानं बलावलं."

सासूबाई बाजूला सरल्या. पोरगी त्या दिवशी पोटभर जेवली.

आज पुण्यात माझा दवाखाना बरा चालतो, पण वरवटला ताईंच्या दवाखान्यातल्या बाकड्याची ओढ जात नाही. ते बाकडे आता रिकामे आहे. ताईंची बोटे बधिर झाली. नाडी कळेना, तेव्हा त्यांनी स्वतःहून दवाखाना बंद केला.

गेल्या महिन्यात त्यांना भेटले. नाडी पाहायला हात पुढे केला आणि थबकले. आधी विचारले, "ताई, तुम्हाला काय हवंसं वाटतं?"

त्यांनी माझ्या पुढे केलेल्या हाताकडे पाहिले. मग म्हणाल्या, "मनगट पाह्यजे वं कोनाचं. कळो ना कळो, हाती धरायले."

मी हात दिला. त्यांनी तो धरून ठेवला. मला रडू आवरले नाही.

म्हणून ताईंच्या पंचाहत्तरीच्या सोहळ्याला येणाऱ्या सर्वांना विनंती आहे. शाल-श्रीफळ जरूर आणा, पण ताईंसमोर बसलात की आपला हात पुढे करा. त्या आधी विचारतील, काय पाहिजे. खरे तेच सांगा. माझे उत्तर ठरलेले आहे: ताई, धडधाकट प्रकृतीच्या तुम्हीच हव्या आहात, अजून पुष्कळ वर्षे.