डिझेलचा अभिषेक

जयवंतावहिनी म्हणजे माझ्या मेहुण्याची, भगवंताची, बायको. हिवरखेडला त्यांच्या घरात आलेली कोणतीही वस्तू कुंकू लागल्याशिवाय कामाला लागत नाही. सिलिंडर आला, कुंकू. मिक्सर आला, कुंकू. भगवंताने नवा मोबाईल आणला तेव्हा वहिनींनी नेमकं कॅमेऱ्यावरच बोट टेकवलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरातल्या फोटोंमध्ये सगळ्यांना गोवर निघाल्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, "वहिनी, जरा बाजूला लावत जा." तर म्हणाल्या, "भाऊजी, कपाळ सोडून गालाले लावते काय कोणी?" मी चिडका आहे असं माझी बायको म्हणते. तिच्या माहेरी जाऊन आलं की कोणीही होईल.

गेल्या वर्षी वहिनींनी हट्टाने एकरभर झेंडू लावला. भगवंत कपाशीचा माणूस. "फुलं खाते काय कोणी?" म्हणून त्याने गावभर थट्टा केली. वहिनी म्हणाल्या, "हा एकर माहा. तू तिकडं पाहूच नको." आणि खरंच, रोप लावण्यापासून तोडणीपर्यंत सगळं त्यांनी केलं. झेंडू असा फुलला की थट्टा करणारे लोक बांधावर उभे राहून फोटो काढून जायचे. पण झेंडूला दसऱ्याच्या सकाळी जो भाव, तो दुपारी नसतो, आणि दुसऱ्या दिवशी तर तो गाईपुढे टाकायचा. ती फुलं दसऱ्याला उजाडता उजाडता अकोल्याच्या बाजारात पोचली तरच वहिनींचं वर्ष पोचलं.

पोचवणार कोण? घर शेतातच, आणि परतीचा पाऊस होऊन तिथली काळी माती लोणी झालेली. त्या वाटेने एकच गाडी निघू शकत होती, ती भगवंताची. जुनी, डिझेलवर चालणारी, चारही चाकांना जोर असलेली, रंगाने आणि स्वभावाने अशी की गावात तिला म्हैसच म्हणतात. आणि म्हशीचा टायमिंग बेल्ट चिरला होता.

अकोल्याच्या जुन्या शहरातला धर्मेंद्र मिस्त्री उन्हाळ्यापासून कानीकपाळी ओरडत होता, "भगवंतभाऊ, हा पट्टा बदला. चालता चालता तुटला तं इंजिन गेलं समजा." भगवंताचं आपलं एकच, "पाहू न बाप्पा." पाहता पाहता नवरात्र आलं. मग पळापळ. पट्टा अकोल्यात मिळेना, अमरावतीत मिळाला, आणि अमरावतीत राहणारा एकमेव रिकामा माणूस म्हणजे जावई. खंडेनवमीच्या सकाळी अकोटला बस बदलून, पट्टा हारासारखा गळ्यात घालून मी हिवरखेडला उतरलो. स्टँडवरचे लोक हसले. हसोत.

धर्मेंद्र अकोल्याहून आलेला होताच. त्याने अंगणात म्हशीचं तोंड उघडलं, पुढचं झाकण काढलं. आत तीन दातेरी चाकं आणि त्यांच्यावरून फिरणारा पट्टा.

"हे तिन्ही एका तालात फिरले पाह्यजेत," तो म्हणाला. "एका जुवातले बैल समजा. एक आधी निघाला तं गाडी उलटते. इथं वॉल्व वाकतात."

"मग ताल समजतो कसा?" मी विचारलं.

"कंपनीची खूण असते. पण भगवंतभाऊनं मांगं भंगारातलं चाक बसवलं, त्याची खूण खोटी हाये." त्याने भगवंताकडे असं पाहिलं की भगवंत चहा सांगायला आत पळाला. मग धर्मेंद्रने खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि तिन्ही चाकांवर एकेक बारीक ठिपका दिला. "नवा पट्टा हे ठिपके पाहून चढवाचा. बस."

त्याने जुना पट्टा उतरवला तेवढ्यात आतून हाक आली. वहिनींच्या घरी उपाशीपोटी कोणाला पाना फिरवू देत नाहीत. आम्ही भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा खायला बसलो. वाढून झाल्यावर वहिनी तबक घेऊन बाहेर गेल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं. खंडेनवमी होती! त्या दिवशी कुऱ्हाड, विळा, मोटारपंप, जे काही राबतं त्याची पूजा. आणि अंगणात तर म्हैस पोट उघडून बसलेली.

हात धुऊन बाहेर आलो तर इंजिन नवरीसारखं नटलेलं. प्रत्येक चाकावर ओल्या कुंकवाचे ठिपके, गोल फिरून, एका दात्याआड एक. वर अक्षता. धर्मेंद्रचा हात पुसता पुसता थांबला.

"काकू," तो हळूच म्हणाला, "माहा ठिपका कोणता?"

"कोणता म्हंजे? सगळ्यायलेच लावलं. एकाले लावलं अन् दुसऱ्याले नाई, तं रुसन न ते."

"कपडा आणा," धर्मेंद्र म्हणाला. "कुंकू पुसतो, खालून माही खूण निघन."

"पुसतो?" वहिनींचा आवाज चढला. "नवमीच्या दिवशी, सवाष्णीनं लावलेलं कुंकू पुसतो? हा नवरा समोर उभा हाये माहा!"

भगवंत लगेच दोन पावलं मागे सरकला. अशा वेळी तो गडी अंगणातली भिंत होतो. वहिनींचं लक्ष मग पान्यांच्या पेटीकडे गेलं, हातात कुंकवाची वाटी होतीच. धर्मेंद्र धावत जाऊन पेटीवर बसला.

मला संताप आवरेना. मी म्हटलं, "वहिनी, खूण सापडली नाही तर पट्टा चढत नाही. पट्टा चढला नाही तर गाडी निघत नाही. अन् गाडी निघाली नाही तर तुमचा झेंडू गाईच्या पोटात."

बोललो आणि वाईट वाटलं. वहिनी तबक घेऊन तिथेच ओट्यावर बसल्या. पडवीत तोडलेल्या फुलांचे ढीग होते, त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "म्या तं त्याच्यासाठीच लावलं होतं जास्तीचं," त्या म्हणाल्या. "गाडीनं धोका देऊ नये म्हणून." डोळ्यांत पाणी. मला माझ्या तोंडाची लाज वाटली, आणि धर्मेंद्र उगाच पेटीची कडी खालीवर करू लागला.

मग त्यांनी पदराने नाक पुसलं. "पुसाचं नाई," त्या म्हणाल्या. "पण देवाले आपण रोज आंघोळ घालतो. तवा कुंकू जाते का नाई वाहून? त्याले कोणी पुसलं म्हणते काय?"

"पाण्यानं नाई चालणार, काकू. तेलकट हाये. डिझेल लागन."

"तं डिझेल. महादेवाले बेल, गणपतीले दुर्वा, याले डिझेल. ज्याचं त्याले."

देवघरातून तांब्या आला, त्यात डिझेल ओतलं. मंत्राशिवाय अभिषेक कसा? शिकलेला जावई मीच. मला एकही मंत्र ऐनवेळी आठवेना, म्हणून शाळेतला देव शब्द चालवला. "देवः देवौ देवाः." वहिनींनी हात जोडले. धर्मेंद्रच्या घरी तीन पिढ्यांत कोणी पूजा केलेली नाही, पण भगवंताच्या हातातल्या तांब्यावर त्याचीच नजर. "डावीकडं सोडा भाऊ. त्या कडेच्या चाकावर. बारीक धार धरा." मी पंचमीपर्यंत आलो आणि कुंकू वाहून गेलं. नेलपॉलिश जागच्या जागी. तीन चाकं, तीन ठिपके.

नवा पट्टा चढला. धर्मेंद्रने पाना लावून इंजिन हाताने दोन वेळा फिरवलं. कुठे अडलं नाही. चावी भगवंताने वहिनींच्या हातात दिली. म्हैस एकदा खोकली आणि सुरू झाली. अंगणभर कुंकू जळल्याचा वास.

दसऱ्याला उजाडताना आम्ही अकोल्याच्या बाजारात, मोर्णा नदीच्या पुलाजवळ होतो. फुलं उतरवायलाही वेळ मिळाला नाही, गिऱ्हाइकांनी गाडीतूनच उचलली. ऊन वर येईपर्यंत पोती रिकामी. रस्त्यावरच्या रिक्षा, ट्रक, मोटरसायकली, सगळ्यांच्या गळ्यात वहिनींचा झेंडू. आणि आमची म्हैस बोडकी.

वहिनी तरातरा समोरच्या हारवालीकडे गेल्या. एक हार उचलून भाव विचारला. तो ऐकून भगवंताने डोळे मिटले.

"एवढा कावून व माय?"

"हिवरखेडचा झेंडू हाये बाई," हारवाली फटकन म्हणाली. "असं फूल आख्ख्या बाजारात नाई. परवडते तं घ्या."

जयवंतावहिनींनी सांगितला तेवढा भाव दिला, आणि आणखी एक हार घेतला.