पायथ्याची ओल आणि सरांचे ‘पाहू’

उंबरकर सरांची आणि माझी पहिली भेट पाथर्डीच्या रस्त्यावर, वडापच्या जीपमध्ये झाली. एका चढावर त्यांनी जीप थांबवायला लावली, माती काढायचे लोखंडी गिरमिट घेऊन ते खाली उतरले आणि रस्त्याकडेच्या उतारात फिरवू लागले. आम्ही जीपमध्ये दाटीवाटीने बसलेलो, वर ऊन. ड्रायव्हर म्हणाला, “मास्तर, माती काय पळून चाललीय व्हय?” सर मान वर न करता म्हणाले, “माती नाही, तिच्यातली ओल चालली आहे.” मला त्यांचा राग आला. आज त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त लिहितानाही तो पुरता गेलेला नाही, आणि गौरवग्रंथात असे लिहावे का, या विचाराने मी आधी नुसत्या कौतुकाचा मसुदा केला होता. पण ते कौतुक सरांनी स्वतःच खोडले असते, म्हणून तो फाडून टाकला.

सर केडगावला राहतात. मृदाशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यापासून ते जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागात एकच प्रश्न घेऊन फिरतात. पाऊस सारखाच पडूनही एका वावरात ओल टिकते, शेजारच्यात टिकत नाही, ते का? त्यासाठी उताराच्या माथ्यावर, पोटावर आणि पायथ्याशी माती काढायची, ओली तोलायची, भट्टीत वाळवून पुन्हा तोलायची. गवताच्या उतारावरची वेगळी, नांगरलेल्यावरची वेगळी, झाडांखालची वेगळी. त्यांच्याबरोबर जाणाऱ्याला जेवण वेळेवर मिळत नाही. सावली बघून खोदायला बसलो, तर ते शांतपणे म्हणतात, “बसा इथं. खोदायचं मात्र तिकडं.”

मी पाथर्डीच्या महाविद्यालयात भूगोल शिकवतो. जवळच्या एका वाडीने गवताळ उतारावर झाडे लावायचे ठरवले, तेव्हा प्रमुख पाहुणे म्हणून सरांना मीच बोलावले. मांडव घातलेला, खड्डे खोदून तयार, सरपंचांच्या डोक्याला नवा फेटा. सरांनी हार घालून घेतला आणि माइकवर सांगितले की झाडे इथे लावू नका, ओढ्याच्या काठाने लावा. इतक्या कमी पावसात इतकी दाट झाडे लावली, तर त्यांची मुळे खोलवरची ओल ओढतील आणि खालची वावरे कोरडी पडतील. सरपंच माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, हे पाहुणे तुमीच आनले ना?”

उताराच्या पायथ्याशी सुमनबाईंचे वावर आहे. अर्धे या गवताच्या उताराखाली, अर्धे शेजाऱ्याने नांगरलेल्या उताराखाली. रब्बीची ज्वारी इथे साठलेल्या ओलीवरच येते, आणि ती येत नाही म्हणून हे कुटुंब दरवर्षी घराला कुलूप लावून ऊसतोडीला जाते. सुमनबाई मांडवात उभ्या राहिल्या. “झाडाचं राहू द्या. माझी ज्वारी यील का, तेवढं सांगा. येत आसंल तर मी पोरींना घेऊन घरी ऱ्हाती. त्यांची शाळा तरी हुईल.”

सर म्हणाले, “पाहू.”

सगळा कार्यक्रम मोडला आणि वर ‘पाहू’.

झाडे शेवटी ओढ्याकाठी लागली. सर पावसाळाभर एसटीने येऊन सुमनबाईंच्या वावरातली ओल मोजत राहिले. एकदा अंगात ताप घेऊन आले. मी चिडलो, तर म्हणाले, “तोडीला येणार की नाही, हा शब्द त्या बाईंना मुकादमाला द्यायचा आहे. मी झोपून राहिलो तर त्यांनी काय सांगायचं?” मजुरांची टोळी न्यायला मुकादम येण्याआधी त्यांनी निकाल दिला. गवताच्या खालचे अर्धे पेरा, नांगरलेल्याखालच्या अर्ध्यात बी घालू नका. नवरा एकटाच तोडीला गेला. सुमनबाई मुलींसह राहिल्या. ती थंडी मला अवघड गेली. ज्वारी आली नसती, तर सरांना आणणारा मीच होतो.

ज्वारी आली. सुमनबाईंनी सरांना हुरड्याला बोलावले. “सर, आता तरी म्हना, तुमचं खरं झालं.”

सर हुरडा चावत म्हणाले, “परतीचा पाऊस यंदा उशिरापर्यंत पडत राहिला होता. आणि दुसऱ्या बाजूला पेरलंच नाही. मग तिथं आली नसती, असं कशावरून म्हणायचं?”

“तुमीच पेरू नका म्हनला की.”

“हो. तीच अडचण आहे.”

सुमनबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “लई अवघड मानूस हाय. वाढा त्यास्नी अजून हुरडा.”

या सत्काराची ठरलेली तारीखही बदलावी लागली, कारण तो दिवस सरांच्या मोजणीचा होता. यंदा सुमनबाईंचा नवराही घरी राहायचे म्हणतो, पण मग सगळे वावर पेरायला हवे. शेजाऱ्याने नांगर बंद करून उतारावर गवत राखले आहे. “सगळं पेरू का, इचारा सरांना,” असा सुमनबाईंचा निरोप मी परवा फोनवर पोचवला. काय उत्तर मिळाले, ते सरांना ओळखणाऱ्यांना सांगायला नको.

सरांची प्रकृती ठणठणीत राहो, आणि तो उतार माथ्यापर्यंत चढण्याइतके त्यांचे गुडघे शाबूत राहोत. आम्हाला त्यांच्या तोंडून एकदा स्वच्छ ‘हो’ ऐकायचे आहे. त्यांच्या पद्धतीने त्याला फार वर्षे लागणार आहेत. ती सगळी त्यांना मिळोत.