भुरी बसली म्हणजे बसली

आबांसमोर बर्फाचं नाव काढायची सोय नव्हती. एकदा भर वैशाखात लोणावळा स्टेशनाबाहेरून मी हौसेनं त्यांच्यासाठी बर्फ घातलेलं सरबत आणलं, तर त्यांनी पेला माझ्या देखत गटारात रिकामा केला. "असलं पांढरं माझ्या म्होरं आनू नगंस," म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाठीमागे सगळे त्यांना बर्फआबा म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आबा मूळचे मावळातल्या आंबी गावचे. आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. पावसाळ्यात घाटरस्त्यावरच्या उतारातले सुटे दगड पहारीनं पाडायचं काम एका ठेकेदाराकडे होतं, त्या टोळीचे ते म्होरके. मी त्याच ठेकेदाराचा हजेरी मांडणारा कारकून, वय बावीस, अक्कल त्याहून कमी.

त्यांच्याबरोबर सतत एक कुत्री असे. काळीकुट्ट, आणि नाव मात्र भुरी. टोळीतल्या सोन्यानं एकदा विचारलं, "आबा, ही कुठनं भुरी?" आबा उसळले, "तुला सोन्या म्हनत्यात, कुटं हाय रं सोनं?" मग कुणी विचारलं नाही.

उतारावर कुत्री पुढे आणि माणसं मागे, हा त्यांचा नियम. ओल्या डोंगरात जनावर अडलं की आपणही थांबायचं, हे मावळातल्या गुराख्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आबांनी मात्र त्याचा कायदा केला होता. "भुरी बसली म्हंजी बसली," ते म्हणत. तिथे पहार टेकायची, विडी पेटवायची आणि दुसरी वाट शोधायची.

त्यांच्या खोलीत भिंतीला एक लांब, पुढून वर वळलेली फळी उभी असे. एकच. तिला हात लावलेला त्यांना खपत नसे. श्रावणातल्या एका संततधारेच्या दिवशी तिची गोष्ट त्यांनी मला सांगितली, तीही माझ्यावरच ओरडत असल्यासारखी.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ते पुण्याच्या कँपात एका गोऱ्या साहेबाचे नोकर होते. साहेब दर हिवाळ्यात त्यांना काश्मीरला न्यायचा. तिथे पायांना फळ्या बांधून बर्फाच्या डोंगरावरून घसरत जायचा खेळ. सामान वाहता वाहता आबाही तो शिकले, आणि साहेबापेक्षा बरं शिकले. साहेबाची कुत्री, पहिली भुरी, पुढे धावायची. एका वर्षी चैत्र लागला, बर्फ विरायला आला, परत निघायची तयारी झाली आणि अचानक रात्रभर नवा बर्फ पडला. सकाळी साहेब खुळावल्यासारखा वरच्या उतारावर निघाला. उताराच्या तोंडाशी भुरी बसली.

"म्या सांगितलं, सायेब, हिला काईतरी कळतंय. खाली जुनं घट झालंय, वरचं नवं त्येला धरनार न्हाई. तर मला म्हनला, कुत्री भित्री आन तूबी भित्रा. उचल तिला." आबांनी दोन्ही हात पुढे धरले. "म्या जी सायेब म्हनलो. उचलली. माज्या हातानं उचलली."

अख्खा उतार सुटला. साहेब कडेला फेकला गेला, आबा कमरेपर्यंत गाडले गेले. भुरी हातातून गेली. एक फळी मोडली होती, दुसरीनं ते संध्याकाळपर्यंत बर्फ उपसत राहिले, पण भुरी सापडली नाही. साहेब म्हणाला, कुत्रीच होती, दुसरी घेऊ. आबांनी तिथेच चाकरी सोडली. त्यानंतर त्यांच्या तोंडून 'जी' हा शब्द कधी कुणी ऐकला नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं लिहिताना स्वतःचीच चीड येते.

भाद्रपदात एका सकाळी टोळी वर चढत असताना काळी भुरी अर्ध्या उतारावर बसली. आबांनी टोळीतल्या सातही गड्यांना थांबवलं. खालून छत्रीतला ठेकेदार किंचाळला, त्यानं मला वर पाठवलं. मी म्हणालो, "आबा, चला ना. साहेब चिडलेत."

"चिडू दे. त्येला म्हन, आदी तू चाल हितनं."

ठेकेदारानं त्यांना तिथल्या तिथे कामावरून काढलं आणि मला म्हणाला, "बाकीच्यांना घेऊन जा वर." मी म्हणालो, "जी साहेब." गड्यांनी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घरी पोरंबाळं होती, ते निघाले.

काहीही झालं नाही. दगड पाडून सातही जण धडधाकट खाली आले, आणि म्हाताऱ्याची चेष्टा करत सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी आबा बोचकं बांधत होते. मी शहाणपणानं म्हटलं, "आबा, दरड काही पडली नाही."

"न्हाई पडली, लय ब्येस झालं," ते म्हणाले. या खेपेला आवाज चढवला नाही. "पन पोरा, तू त्यास्नी वर धाडलंस तवा तुला ठावं व्हतं का, न्हाई पडनार म्हून?"

फळी खांद्यावर टाकून ते भुरीच्या मागून आंबीला निघून गेले. दोन वर्षांनी तिथेच वारले.

ठेकेदारानं मला पुढे मुकादम केलं. मी बऱ्याचदा जी साहेब म्हणालो आणि एकदाही काही पडलं नाही. लोक मला नशीबवान म्हणतात, तेव्हा डोकं फिरतं. त्या संध्याकाळी आबांनी विचारलं, त्याचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं. नव्हतं ठाऊक, आबा. मला काहीच ठाऊक नव्हतं.