ग्लास खाली ठेवेपर्यंत

आमच्या गिटारवाल्याला सगळे सुसाट म्हणायचे. गाण्याच्या मध्ये त्याला एकट्याने वाजवायची जागा मिळाली की हा पठ्ठ्या डोळे मिटून असा सुटायचा, की मागे ड्रमवर बसलेल्या माझ्या नाकी नऊ यायचे. बोटांची तयारी होती, त्याबद्दल वादच नाही. वेगात त्याचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता. पण ऐकणाऱ्याच्या हाती त्यातलं काही लागत नसे. हॉटेलच्या जेवणघरात आम्ही रोज संध्याकाळी वाजवायचो. सुसाटचा सोलो सुरू झाला की लोक माना खाली घालून जेवायला लागायचे, आणि मला मागून ते सगळं दिसायचं.

गायची ती त्याची थोरली बहीण. ती त्याची ताई, म्हणून आम्हा सगळ्यांचीच ताई; मी तिच्याहून मोठा असूनही. स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराला लागून आमचा लाकडी चौथरा होता आणि स्पीकरच्या खोक्यावर तिचा पाण्याचा ग्लास. सोलो सुरू झाला की ती ग्लास उचलायची, घोटभर पाणी प्यायची, जरा दम खायची. ग्लास परत खोक्यावर ठेवला की त्याचा अर्थ, मी तयार आहे, आता आवर. आमच्या बँडचा एवढा एकच कायदा होता, आणि सुसाटला तो पाळता येत नसे, कारण साहेबांचे डोळे मिटलेले. मग मला झांजेवर काठी हाणून त्याला जमिनीवर आणावं लागे.

ताई त्याला कधी चिडवून, कधी चिडून सांगायची.

“बोटांना दम लागत नाही ना, म्हणून तुला थांबायचं कळत नाही. बोलताना माणूस मध्ये थांबतो की नाही? तसं वाजव.”

तो हसण्यावारी न्यायचा. थांबायला काय अक्कल लागते, असं त्याचं म्हणणं.

मग ताईचा दम तुटायला लागला. आधी जिन्यावर, मग लांब ओळींवर. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं आखडत चालली आहेत, ती काही पूर्ववत व्हायची नाहीत. गाणं बंद करा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी नेहमीसारखी येऊन माइकपुढे उभी राहिली. त्याआधी, चादरी-टॉवेलांच्या ज्या खोलीत आम्ही कपडे बदलायचो, तिथे तिने भावाला जवळ बोलावलं होतं.

“गाणं सुटलं तर मी नुसती आजारी बाई उरेन रे. जमेल तेवढे दिवस मला निभावून ने. मालकांना कळू देऊ नकोस.”

त्या संध्याकाळपासून सुसाटचे डोळे उघडे राहिले.

ताई पहिलं कडवं कसंबसं गायची आणि ग्लास घेऊन उंच स्टुलावर टेकायची. पुढचं कडवं त्याच्या गळ्यात. म्हणजे गिटारच्या. ग्लास खाली येईपर्यंत त्याला आवरतं घेता येत नव्हतं आणि नजर तिच्यावरून हलवता येत नव्हती. तिचे खांदे वर गेले की हा थांबायचा, खाली आले की वाजवायचा. तिच्या श्वासात जेवढं मावेल तेवढाच तुकडा. तिला गाता न आलेले शब्द मनातल्या मनात म्हणत तो वाजवायचा. जिथे तिने स्वर लांबवला असता, तिथे बोटाने तार वर ढकलून तो स्वर चढवायचा आणि सोडायची घाई करायचा नाही. गाणी लोकांच्या ओळखीची. गिटारमधून त्यांना शब्द ऐकू यायला लागले. मधल्या थांबण्यांत तर असं वाटायचं की कुणीतरी बोलता बोलता गप्प झालंय, आता पुढचं सांगेल की नाही कोण जाणे. काटे-चमचे हातात तसेच राहायचे. मी कुणाची तारीफ करणारा माणूस नव्हे, पण तसं वाजवणं मी पुन्हा ऐकलं नाही.

आणि तिथेच घात झाला.

लोक गिटारसाठी म्हणून यायला लागले. मालकांना ताईच्या आजाराचा पत्ता नव्हता आणि त्यांना त्याची गरजही पडली नाही. त्यांनी तिला ऑफिसात बोलावून चहा पाजला आणि अतिशय गोड शब्दांत सांगितलं की तुमच्या भावाने आता एवढं नाव काढलंय, तर गाण्याची काही आवश्यकता दिसत नाही. अशा गोड बोलणाऱ्या माणसांचा मला मनस्वी संताप येतो. शिवी दिली तर निदान उलट देता येते.

सुसाट गिटार पेटीत भरून निघालाच होता. ताईने त्याला दारात अडवलं. घर कशावर चालणार, असं विचारलं, आणि मग फार शांतपणे म्हणाली, “मी सांगत होते तसंच वाजवलंस रे तू. एवढं चांगलं वाजवायचं नव्हतंस.”

तिच्याशिवायच्या पहिल्या संध्याकाळी वेटरने सवयीने पाणी भरून ग्लास खोक्यावर ठेवला. मी ठेका धरला. सुसाटने सोलोची एक ओळ वाजवली आणि त्याची नजर तिकडे गेली. ग्लास खाली ठेवलेला होता. त्याने सोलो आवरता घेतला आणि ताईसाठी जागा करून थांबला. मी नुसता ठेका देत राहिलो, कारण ड्रमरला दुसरं काय करता येतं? त्याने शेवटची ओळ पुन्हा वाजवली, पुन्हा थांबला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी मीच झांज वाजवून गाणं संपवलं.

ताई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. ग्लास आता तिथे ठेवत नाहीत, सुसाटने वेटरला तसं सांगितलंय. तो पुन्हा डोळे मिटून वाजवतो, पूर्वीपेक्षाही जोरात. लोक येतात, जेवतात. मालकांना फरक कळलेला नाही. मला राहवलं नाही, म्हणून परवा कपडे बदलताना मी त्याला विचारलं, की अरे, तसं का नाही वाजवत आता?

तो तारा पुसत होता. मान वर न करता म्हणाला, “थांबलो की तिची वाट बघावी लागते.”