मैदानाची गोखरूची बाजू

३ डिसेंबर १९८९, रविवार. पालघरला आमच्या शाळेच्या मैदानावर मी फक्कीने धावपट्ट्या आखत होते. मधोमध एक जाड रेषाही मारली. मी शाळेची जुनी खेळशिक्षिका. अलीकडे माझ्या मुली, पलीकडे, काटेरी गोखरूच्या बाजूला, नव्या खेळशिक्षिकेच्या.

ती त्याच वर्षी रुजू झाली होती. ताकद आणि वेगावरच्या संशोधनाच्या झेरॉक्स पिशवीत घेऊन फिरायची. तिच्या मुली थोडंसंच, पण जीव तोडून धावायच्या आणि चिंचेखाली बसायच्या. उड्या मारायच्या, पुन्हा बसायच्या. तोवर माझ्या मुली फेऱ्या मारून घामाघूम. तरी शर्यत लावली की पुढे तिच्याच. मला ते बघवत नव्हतं. मग तिच्या उड्या मी उचलल्या आणि फेऱ्या संपल्यावर रोज घ्यायला लागले. बसणं तेवढं उचललं नाही.

कुंपणापाशी सातपाटीची आमची मासेवाली मावशी थांबली, रिकामी पाटी काखेत. तिची मुलगी माझी सगळ्यात वेगवान धावपटू, आणि जिल्ह्याची निवड आठवड्यावर आलेली.

"बाय, पोर उद्यापासनं त्या नव्या बाईंकडं जाईल."

"का? मी काय कमी केलं?"

"कमी नाय, जास्तच केलं. जिना चढता येत नाय तिला."

"आणि त्यांनी काय जादू केली?"

"इचारलं फक्त, पहाटेपासनं काय केलंस. पोर बोलली, पाटी वाहिली. तर म्हणाल्या, मग आज तुजं वजन उचलून झालं, थोडं धाव आणि बस." पाटी दुसऱ्या काखेत घेत ती म्हणाली, "तुमी इतकी वरसं माज्याकडनं म्हावरं घेता. भाव सोडून काय इचारलंत?"

मी धावपट्टीची राहिलेली रेषा पुरी केली. पाटीचं मलाही ठाऊक होतं. तो व्यायाम धरायचा असतो हे त्या नव्या बाईंना सुचलं, मला नाही, हे झेरॉक्सपेक्षा जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला म्हटलं, जा पलीकडे. शाळेचं एकुलतं स्टॉपवॉच माझ्या गळ्यात असायचं. ते नव्या बाईंना दिलं नाही. पण गोखरू तुडवत त्यांच्या शेवटच्या रेषेवर जाऊन उभी राहिले आणि मुलीची वेळ मीच घेतली. मग परत येऊन माझ्या मुलींना खाली बसवलं आणि एकेकीला विचारलं, पहाटेपासून काय काय केलंत.