पडद्यावरचं बारीक अक्षर

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही. ऐका फक्त.

वडवणीत आमचा लग्नपत्रिकांचा छापखाना. शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवायचे दिवस संपत आले तसा दादांनी — माझ्या वडिलांनी — कॉम्प्युटर आणला. त्याच्यासाठी वेगळी खोली, चपला बाहेर काढायच्या. त्यावर बसायचे शंकरअप्पा, आमचे जुने कंपोझिटर. सगळी हयात खिळ्यांत गेलेली, तरी त्या वयात माउस धरायला शिकले. लई अभिमान होता त्यांना त्याचा.

दुपारी ते जेवायला गेले, की मी गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावायचे. बारावी नापास, घरात रिकामी — दुसरं काय करणार? पडद्याचं रिझोल्यूशन आठशे-सहाशे, त्यावर सगळं ओबडधोबड दिसायचं. एकदा सेटिंगमध्ये शिरून मी ते हजार चोवीस केलं. अहाहा, लांबचा डोंगरसुद्धा स्वच्छ! पण पडदा चौदा इंची. गेम बंद केला, की पत्रिकेची अक्षरं मुंगीएवढी, शिवाय पडदा थरथरायचा. पुन्हा पहिल्यासारखं करायचं तर मशीन बंद करून चालू करा. रोज कोण करणार ते? मी तसंच ठेवून दिलं.

अप्पा पडद्याला नाक लावून बसायला लागले. डोळ्यांना सारखी धार. बीडहून चष्म्याचा नंबर वाढवून आणला — तरी तेच. मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण सांगितलं असतं, तर माझा गेम बंद झाला असता.

मग ती पत्रिका. जुन्या पत्रिकेवरच नवी नावं टाकायची, ही आमची पद्धत. अप्पांनी नवरदेवाच्या आजोबांचं नाव बदललं. आधीच्या पत्रिकेतल्या, वारलेल्या आजोबांच्या नावापुढचं ‘कै.’ मात्र तसंच राहिलं. त्यांना ते दिसलंच नाही. पत्रिका गावभर वाटून झाल्या, आणि ते जिवंत आजोबा काठी टेकत दुकानात आले. पत्रिका काउंटरवर ठेवली आणि बसून राहिले.

दादांनी तोंड उघडायच्या आधीच अप्पा म्हणाले, "मालक, माझे डोळे गेले. आता माझ्यानं न्हाई व्हायचं."

मी दारातच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं — नाही बोलले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीत मी बसले. सगळ्यात आधी काय केलं असेल? आठशे-सहाशे. अक्षरं ठळक झाली. पोरीची नजर चांगली आहे, असं दादा गिऱ्हाइकांना सांगायला लागले. मी ऐकून घ्यायचे.

पुढे एकदा अप्पा स्टँडवर भेटले. गाडी समोरच उभी, पाटीवर वीतभर अक्षरं. त्यांनी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. मलाच म्हणाले, "बघ गं माय, ही मांजरसुंब्याची हाय का?"

मी पाटी वाचून सांगितली. हाताला धरून त्यांना गाडीत बसवलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

तो मी घेतला.